सापाची मावशी आणि सापाची भावकी

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. केज तालुक्यातील आमच्या शेतात सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, ताडपत्रीखाली आठवडाभर पडून होती, कारण परतीचा पाऊस उघडीप देत नव्हता आणि उघडीप मिळाली की मळणी यंत्र मिळत नव्हते. अखेर यंत्र बांधावर येऊन उभे राहिले. ताडपत्रीचा एक कोपरा उचलताच खालच्या ओलसर पाल्यातून वीतभराहून थोडे कमी, तेल लावल्यासारखे चकचकीत आणि पेन्सिलीएवढे जाड असे काहीतरी वळवळत बाहेर आले. आमच्या घरी गेली तीस वर्षे शेती सांभाळणाऱ्या आबांनी हातातली काठी वर केली.

"सर, मागं सरका. सापाची मावशी हाय ती. चावली का माणूस पाणी मागत न्हाई."

मी काठी धरली आणि प्राणी पाल्यासकट घमेल्यात घेतला. अंग तपकिरी, त्यावर बारीक ठिपक्यांच्या रांगा, शेपटीकडे लालसर झाक. नीट पाहिल्यावर चार पाय दिसले, पण ते इतके तोकडे आणि एकमेकांपासून इतके दूर होते की पुढचे पाय एका प्राण्याचे आणि मागचे दुसऱ्याचे वाटावेत. घमेल्यात तो चालत नव्हता. पाय अंगाशी चिकटवून तो सापासारखा नागमोडी सरकत होता आणि थांबला की मगच पाय टेकत होता. ही ठिपकेदार सापसुरळी, शास्त्रीय नाव रिओपा पंक्टाटा. ती विषारी नाही. आपल्या भागातील कोणतीही सापसुरळी विषारी नाही, हे आबांना मी त्या दिवशी कितव्यांदा तरी सांगितले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मान डोलावून काठी जवळच ठेवली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आबांच्या एका शब्दावर मी त्या दिवसापासून विचार करतो आहे, आणि तो शब्द म्हणजे मावशी. मावशी म्हणजे नाते. सापाशी या प्राण्याचे नाते आहे, तेही जवळचे, असे आपली भाषा सांगते. सापसुरळी या नावातही साप आहेच. हे नाते खरे आहे काय, आणि नाते म्हणजे नेमके काय मानायचे, हा वर्गीकरणशास्त्राचाच प्रश्न आहे आणि बिनपायांच्या सरड्यांनी तो प्रश्न अडीचशे वर्षे चिघळत ठेवला आहे.

आधी एक भाषेची अडचण. इंग्रजीत ज्याला लिझर्ड म्हणतात, त्या संपूर्ण गटाला मराठीत घरगुती नावच नाही. आपल्याकडे पाल आहे, सरडा आहे, घोरपड आहे, सापसुरळी आहे. या चौघांना एका छत्राखाली आणणारा शब्द आपल्या आजीकडे नव्हता, कारण त्याची तिला गरज पडली नाही. पाठ्यपुस्तकांनी मग सरडा हाच शब्द ताणून सगळ्यांवर पांघरला. त्यामुळे "पाल हा एक सरडा आहे" हे वाक्य वर्गात उच्चारले की मागच्या बाकावरून हसू येते, आणि "बिनपायांचा सरडा" म्हटले तर मुलांना ते बिनचाकांच्या बैलगाडीसारखे वाटते. या लेखात मीही नाइलाजाने सरडा हा शब्द त्याच ताणलेल्या अर्थाने वापरणार आहे.

आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली एक बरणी होती. तिच्यावर 'ऑफिसॉरस' अशी चिठ्ठी होती आणि आत पिवळट पडलेला, पाय नसलेला, सापासारखा दिसणारा प्राणी होता. प्रात्यक्षिक परीक्षेत ही बरणी ठेवली की निम्मी मुले उत्तरपत्रिकेत 'साप' असे लिहीत आणि त्यांचे गुण जात. मी दरवर्षी त्यांना ओळखण्याच्या खुणा पाठ करून घेत असे. सरड्याला उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात, सापाला नसतात. सापाच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो. सरड्याच्या डोक्यामागे कानाचे छिद्र दिसते, सापाला बाह्य कान नसतो. सापाच्या पोटाखाली रुंद आडव्या खवल्यांची एकच रांग असते, सरड्याच्या पोटाखाली लहान खवल्यांच्या अनेक रांगा असतात. सापाची शेपटी शरीराच्या मानाने आखूड असते; ऑफिसॉरसची मात्र एकूण लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश असते आणि पकडली की तुटून हातात राहते, म्हणूनच युरोपीय लोकांनी त्याला काचेचा साप म्हटले. सापाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीपाशी लवचिक बंधाने जोडलेली असतात, सरड्याची पक्की जुळलेली असतात.

या खुणा बरणीपुरत्या उत्तम आहेत. पण त्या खुणांनाच मी वर्गीकरण समजत होतो, आणि तसेच शिकवत होतो, हे मला उशिरा कळले.

ऑस्ट्रेलियात पायगोपॉडिडी नावाचे एक कुळ आहे. त्यांना पुढचे पाय अजिबात नसतात आणि मागच्या पायांच्या जागी दोन चपटे खवलेदार पडदे उरलेले असतात. त्यांना पापण्याही नसतात. डोळ्यावर सापासारखाच पारदर्शक खवला असतो आणि तो ते जिभेने चाटून पुसतात. म्हणजे पापणीची खूण येथे गळाली. डोळा चाटणारा प्राणी आपण रोज ट्यूबलाइटजवळ पाहतो. ती पाल, आणि पायगोपॉडिडी हे खरोखरच पालींचे सख्खे चुलत आहेत. बिनपायांची पाल ही कल्पना नाही, ऑस्ट्रेलियात ती चाळीसहून अधिक जातींच्या रूपाने नांदते. उलट बाजूने पाहा. पावसाळ्यात आपल्या न्हाणीघरात मोरीतून येणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा निश्चितपणे साप आहे, पण त्याच्या पोटाखाली रुंद खवले नाहीत. पाठीवर जसे तसेच पोटावर. आपल्या घरांत दिसणाऱ्या ब्राह्मणी वाळ्याच्या सगळ्याच माद्या असतात आणि त्या नराशिवायच प्रजनन करतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. आग्नेय आशियातील डायबॅमिडी कुळातील सरड्यांना कानाचे छिद्रही नाही. त्यांतील एक जात आपल्या निकोबार बेटांवर आहे. थोडक्यात, माझ्या यादीतील प्रत्येक खुणेला कुठे ना कुठे कोणीतरी खोटे पाडलेले आहे.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसची फजिती याहून बोलकी आहे. १७५८ साली त्याने सापांचा जो गट बांधला, त्यात नाग-घोणस यांच्याबरोबर अँग्विस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, घातली आणि युरोपात बागांमध्ये सापडणाऱ्या बिनपायांच्या सरड्याला 'अँग्विस फ्रॅजिलिस', म्हणजे ठिसूळ साप, असे नाव दिले. ठिसूळ, कारण शेपटी तुटते. शेपटी तुटते हे त्याने पाहिले, त्यावरून नाव दिले, आणि तरीही प्राणी सापांतच ठेवला. पुढे १७६६ साली त्याने आणखी एक नाव दिले, 'अँग्विस क्वाड्रुपेस'. अर्थ सरळ आहे: चार पायांचा साप. हा जावा बेटाकडचा, लांबुळक्या अंगाचा आणि नखाएवढ्या पायांचा प्राणी होता. म्हणजे माझ्या घमेल्यातल्या सापसुरळीचाच दूरचा गणगोत. व्हॉट्सअॅपवर वर्षातून एकदा तरी 'अमुक गावात चार पायांचा साप सापडला' असा फोटो फिरतो आणि आपण हसतो, पण तीच चूक वर्गीकरणाच्या जनकाने लॅटिनमध्ये केलेली आहे.

नेमके याच सुमारास दुसऱ्या टोकाला पीटर सायमन पालास हा निसर्गशास्त्रज्ञ रशियाच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात फिरत होता. त्याला तेथे चार-चार फूट वाढणारा, अजगराच्या पिलासारखा दिसणारा, बिनपायांचा प्राणी मिळाला. १७७५ साली त्याने त्याचे नाव ठेवले 'लॅसर्टा अपोडा', म्हणजे बिनपायांचा सरडा. लिनियसने पाय असलेल्याला सापांत बसवले आणि पालासने पाय नसलेल्याला सरड्यांत. पालासचा न्याय मला अधिक भावतो. पाय मोजण्यापलीकडे जाऊन त्याने डोके, पापण्या, अंगाची ठेवण पाहिली. आज या प्राण्याचे नाव स्यूडोपस अपोडस आहे, आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे तांदळाएवढे अवशेष खरोखरच असतात.

१८११ साली ओपेल या प्राणिशास्त्रज्ञाने सरडे आणि साप यांना एकाच मोठ्या गटात, खवलेधारी सरीसृपांत, एकत्र आणले, आणि ही एकत्र कुटुंबाची मांडणी आजही टिकून आहे. आज या गटात अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. भांडण सुरू झाले ते घरात वाटण्या कशा करायच्या यावर.

मराठवाड्यातल्या माणसाला वाटणी समजावून सांगावी लागत नाही. जमिनीचा दावा निघाला की आपण तोंडावळा पाहत नाही. खासरा पत्रकापासून फेरफार काढतो, वारस नोंदी जुळवतो, कोणाच्या पोटी कोण हे शोधतो. अलीकडे तर घरोघरी जुने दस्त आणि वंशावळी बाहेर निघाल्या आहेत. चेहऱ्याने हुबेहूब असणारा शेजारी वारस ठरत नाही आणि चार पिढ्यांपूर्वी परगावी गेलेल्या, आपल्याशी काडीचेही साम्य नसलेल्या भावाचा नातू ठरतो. आधुनिक वर्गीकरण नेमके हेच करते. पाय नसणे हा तोंडावळा आहे. वारसा हा पूर्वजांवरून ठरतो.

आणि पाय गमावणे ही इतकी वेळा घडलेली गोष्ट आहे की तिच्यावरून नाते ठरवणे, मिशी आहे म्हणून दोघांना भाऊ ठरवण्यासारखे होईल. सरीसृपांच्या वंशवृक्षावर सापासारखे शरीर सुमारे पंचवीस वेळा, वेगवेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणे निर्माण झालेले दिसते. सापसुरळ्यांच्या एकाच कुळात ते अनेकदा घडले आहे. ऑस्ट्रेलियातील लेरिस्टा ही प्रजाती पाहण्यासारखी आहे: तिच्या नव्वदहून अधिक जाती आहेत, आणि त्यांत पाच बोटांचे चारही पाय असलेल्या जातींपासून, चार बोटे, तीन, दोन, एक, पुढचे पाय गायब, मागचा एक टोकदार काटा शिल्लक, आणि शेवटी काहीच नाही, अशा सगळ्या पायऱ्या आज जिवंत सापडतात. आपल्या थरच्या वाळवंटात वाळूत पोहणारी ऑफिओमोरस रैथमाई ही सापसुरळी आहे. तिच्या इवल्या पायांना तीन-तीन बोटे उरली आहेत. ओडिशातील चिलिका सरोवरात बरकुडा नावाचे बेट आहे. तेथील पूर्णपणे बिनपायांच्या सापसुरळीचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनानडेल यांनी १९१७ साली केले आणि बेटाच्या नावावरून तिला 'बरकुडिया इन्सुलॅरिस' हे नाव दिले. पूर्व घाटातील सेप्सोफिस ही तशीच बिनपायांची. निसर्ग अभ्यासक बेडोम यांनी १८७० साली तिची नोंद केली आणि त्यानंतर ती पुन्हा हाती लागायला शंभराहून अधिक वर्षे गेली. माझ्या घमेल्यातली रिओपा या वाटेवर कुठेतरी मध्ये उभी आहे. ती पुढे पाय टाकून देईलच असे मात्र समजू नये. उत्क्रांतीला मुक्कामाचे गाव ठरलेले नसते.

पाय का जातात, याचे उत्तर बनिमीखालच्या त्या पाल्यातच होते. दाट गवत, सैल माती, दगडांच्या फटी अशा ठिकाणी बारीक आणि लांब शरीर नागमोडी रेटत नेणे स्वस्त पडते, आणि आडवे येणारे पाय अडचणीचे ठरतात. म्हणून पाय आखडणे आणि धड लांबणे या दोन्ही गोष्टी बहुधा हातात हात घालून घडतात. धड लांबते ते मणक्यांची संख्या वाढून. माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात, सापांत ते साधारण दोनशे ते चारशे असतात. यातही दोन चाली दिसतात. जे जमिनीवर गवतातून फिरतात, त्यांची शेपटी खूप लांब होते, जशी बरणीतल्या ऑफिसॉरसची. आणि जे जमिनीत घुसून राहतात, त्यांचे धड लांब होते आणि शेपटी आखूड राहते. घराणे कोणतेही असो, व्यवसाय सारखा असला की शरीराची ठेवणही सारखी होत जाते. उसाच्या फडात काम करणाऱ्या सगळ्यांच्याच हातांना सारखे घट्टे पडतात.

पाय जाण्यामागचे जनुकीय कारणही सापांच्या बाबतीत काही अंशी उलगडले आहे. गर्भावस्थेत पाय वाढवणारे जनुक सापाकडे शाबूत असते. ते केव्हा आणि कोठे चालू व्हावे हे ठरवणारा, झेडआरएस नावाचा डीएनएचा तुकडा मात्र सापांत मोडकळीला आलेला आहे. २०१६ साली संशोधकांनी उंदरातील हा तुकडा काढून त्याच्या जागी सापाचा बसवला, तेव्हा जन्मलेल्या उंदरांचे पाय खुंटलेले निघाले. अजगराच्या गर्भात तर मागच्या पायांचे कोंब उगवू लागतात आणि मग थांबतात.

त्याचा पुरावा आपल्या शिवारातही आहे. मांडूळ, म्हणजे लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात तो साप, उलटा करून पाहिला तर अवस्कर छिद्राच्या, म्हणजे मलमूत्र बाहेर पडण्याच्या छिद्राच्या, दोन्ही बाजूंना नखासारखे बारीक काटे दिसतात, नरात अधिक स्पष्ट. ते मागच्या पायांचे अवशेष आहेत. अर्थात मांडूळ उलटा करून पाहण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. गुप्तधनाच्या आणि करोडोंच्या किमतीच्या भाकडकथांपायी या गरीब सापाची आपल्या भागात जी तस्करी चालते, ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला दोन तोंडेही नाहीत. आहे ती बोथट शेपटी.

आता मूळ दाव्याकडे येतो. सापाची भावकी कोण? हाडांच्या अभ्यासावरून आखलेल्या जुन्या वंशवृक्षात कुंपणावरचे सरडे आणि रंग बदलणारे शॅमेलिऑन यांची फांदी अगदी सुरुवातीला वेगळी पडलेली दाखवत, आणि पाल, सापसुरळी, घोरपड, साप हे सगळे दुसऱ्या फांदीवर. मी शिकलो तेव्हा हेच शिकलो. २००४-०५ च्या सुमारास डीएनएवर आधारलेले अभ्यास आले आणि झाड जणू मुळापासून उलटे झाले. त्यांनुसार पाल आणि तिचे बिनपायांचे चुलत फार पूर्वी वेगळे झाले, सापसुरळ्याही पूर्वीच वेगळ्या निघाल्या, आणि साप, घोरपडीचा गट व कुंपणावरच्या सरड्याचा गट हे तिघे एका शाखेवर शेवटपर्यंत एकत्र राहिले. या तिघांतही कोण कोणाला अधिक जवळचा, हे भांडण अजून मिटलेले नाही, आणि हाडांवर काम करणाऱ्या काही अभ्यासकांना नवी मांडणी आजही पचलेली नाही. तरी बहुतेकांनी ती स्वीकारली आहे. बरणीतला ऑफिसॉरस आणि लिनियसचा ठिसूळ साप हे घोरपडीच्या गटातले, म्हणजे ते सापांचे तुलनेने जवळचे निघाले. पण जवळचे निघाले ते पाय नाहीत म्हणून नव्हे. अँफिसबिनिया नावाचे गांडुळासारखे प्राणी तर लिनियसने सापांतच धरले होते, नंतर कित्येक वर्षे ते तिसरा स्वतंत्र गट म्हणून मिरवले, आणि आता ते युरोपातल्या भिंतींवर धावणाऱ्या साध्या चार पायांच्या सरड्यांचे नातलग ठरले आहेत. मेक्सिकोतील त्यांच्या बायपेस या प्रजातीला फक्त पुढचे दोन पाय असतात. निसर्गाने हे कोणाला खिजवण्यासाठी केले असावे, अशी मला दाट शंका आहे.

या मांडणीतून निघणारी गोष्ट वर्गात सांगायला मी घाबरत असे, कारण ती परीक्षेच्या साच्यात बसत नाही. साप हा सरड्यांच्या झाडाबाहेरचा वेगळा वंश नसून त्याच झाडाची एक फांदी आहे. बिनपायांचे झालेले जे पंचवीसेक सरडे, त्यांतलाच तो एक. फक्त त्याचा संसार एवढा वाढला, सुमारे चार हजार जातींपर्यंत, की आपण त्याला वेगळे घर आणि वेगळे नाव दिले. तेव्हा 'साप' लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी कापले ते नियमाने बरोबर होते, पण 'सरडा' लिहून पूर्ण गुण घेणाऱ्यांचे उत्तर बरणीत नाग असता तरी पूर्वजांच्या हिशेबाने चुकले नसते.

हे सगळे आबांना सांगण्याचा मी प्रयत्न केला. मळणी यंत्र सुरू होते, भुसा उडत होता, आणि मी ओरडून सांगत होतो की ही मावशी नाही. हिचे घराणे सापापासून फार आधीच वेगळे निघाले आहे. बाभळीवर मान हलवत बसणारा सरडा मात्र सापाचा जवळचा भाऊबंद आहे.

आबा बराच वेळ घमेल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी हिची नोंदच चुकीची झालेली."

नोंद चुकीची झालेली, हे त्यांनी अगदी बरोबर पकडले. हिच्या स्वतःच्या नावाचाही फेरफार झालेला आहे: मी शिकवत असताना ती लायगोसोमा होती, म्हणजे लिनियसच्या त्या चार पायांच्या सापाच्याच प्रजातीत. २०१९ साली डीएनएच्या आधारे त्या मोठ्या प्रजातीची वाटणी झाली आणि भारतीय उपखंडातील तिची शाखा रिओपा या जुन्याच नावावर स्वतंत्र चढली.

घमेले मी बांधावरच्या निरगुडीखाली नेऊन आडवे केले. सापसुरळी क्षणभर थांबली. खालच्या पापणीत तिला एक पारदर्शक खिडकी असते, त्यामुळे डोळा मिटूनही तिला दिसते. त्या खिडकीतून तिने आमच्याकडे पाहिले असेल किंवा नसेल. मग पाय अंगाशी घेऊन ती पाचोळ्यात शिरली. आबांनी काठी उचलली आणि ताडपत्रीचा दुसरा कोपरा आधी काठीने उचकून पाहिला.